जुना जोड पाहून नवा जोड घ्यावा

आठवड्यातले बहुतेक दिवस टेनिस खेळणाऱ्या माणसाच्या खर्चात रॅकेट क्वचित येते, तारा आणि चेंडू नियमाने येतात, आणि सर्वांत जास्त डोकेदुखी बुटांची असते. रॅकेटची निवड चुकली तर ती विकता येते, तारांचा ताण पुढच्या वेळी बदलून घेता येतो. पण कोर्टवर घालून खेळलेला बूट कोणी परत घेत नाही आणि तो पायाला मानवला नाही तर त्याची भरपाई टाच, गुडघा आणि कंबर यांना करावी लागते. मी पुण्यात मुख्यतः सिंथेटिक हार्ड कोर्टवर आणि अधूनमधून मातीच्या कोर्टवर खेळतो. त्यातही दुहेरी जास्त आणि एकेरी कमी. त्यामुळे पुढचे सगळे विवेचन अशाच खेळाडूच्या बाजूने केलेले आहे. हा खेळाडू व्यावसायिक नसतो, पण ‘हौशी’ समजून दुकानदार जो हलका, रंगीबेरंगी जोड पुढे करतो, त्याचा तो काही आठवड्यांत चुराडा करतो.

आरामदायी बूट हवा आणि तो टिकाऊही हवा, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात, हे आधी मान्य करावे लागते. मऊ रबर कोर्टला चांगले धरते पण लवकर झिजते; घट्ट आणि जाड रबर टिकते पण बुटाचे वजन वाढवते. तीच गोष्ट आतल्या फोमची. शिवाय दुकानात बूट घालून चार पावले टाकल्यावर जो आराम जाणवतो, तो बराचसा आतल्या सुट्या इनसोलचा आणि घोट्याभोवतीच्या स्पंजाचा असतो. दीड तास खेळून झाल्यावर पायाला काय वाटेल, हे मिडसोल म्हणजे सोलच्या वरचा फोमचा थर, टाचेचा साचा आणि बुटाची रुंदी ठरवतात, आणि गालिच्यावर उभे राहून त्याचा अंदाज जवळजवळ येत नाही.

माझ्या मते बुटाला एकच आयुष्य नसते, तीन असतात: खालच्या रबरी सोलचे, मधल्या फोमचे आणि वरच्या कापडाचे किंवा जाळीचे. या तिघांपैकी कोणते आधी संपते हे खेळाडूगणिक बदलते, आणि आपल्या बाबतीत ते कोणते हे ठाऊक नसेल तर दुसऱ्याच्या शिफारशीचा उपयोग फार थोडा होतो. आमच्या गटातल्या एका खेळाडूचे सोल नव्यासारखे राहतात, पण त्यांच्या बुटाची जाळी करंगळीपाशी फाटते. दुसऱ्यांचा सोल अंगठ्याखाली आरपार झिजतो तेव्हा वरचा भाग अगदी शाबूत असतो. या दोघांनी एकच मॉडेल विकत घेण्यात काहीही अर्थ नाही. म्हणून नवा जोड पाहायला जाण्याआधी जुना जोड टेबलावर ठेवून नीट पाहावा आणि शक्य असेल तर दुकानातही सोबत न्यावा.

त्या जोडावर काय काय वाचता येते हे थोडे विस्ताराने सांगतो. उजव्या हाताने खेळणारे अनेकजण सर्व्हिस करताना मागचा उजवा पाय पुढे ओढून घेतात, आणि त्या वेळी उजव्या बुटाची अंगठ्याकडची आतली कड जमिनीवर घासत जाते. एका सामन्यात हे किती वेळा होते याचा विचार केला म्हणजे त्या जागी भोक का पडते हे कळते. अशा खेळाडूने सोलपेक्षा बुटाच्या नाकाकडे पाहावे: खालचे रबर पुढून आणि अंगठ्याच्या बाजूने वर किती चढवलेले आहे, ते नुसते चिकटवलेले आहे की शिवलेलेही आहे, आणि त्याच्या वर जाळी लगेच सुरू होते की मध्ये एखादा कडक थर आहे. चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, एक गोलसर जागा गुळगुळीत झाली असेल तर तो खेळाडू त्या बिंदूवर सतत वळतो. त्याला त्या भागातले रबर सर्वांत जाड असलेला बूट लागतो. बाहेरची, करंगळीकडची कड झिजली असेल तर बाजूला धावून एकदम थांबण्याची सवय दिसते. टेनिसच्या चांगल्या बुटात याच जागी सोल थोडा बाहेर काढलेला असतो, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला मुरगळू नये.

टाचेची मागची, बाहेरची कड मात्र बहुधा टेनिसने झिजत नाही. ती झिजते चालण्याने. घरापासून कोर्टपर्यंत डांबरी रस्त्यावरून, नंतर चहाच्या टपरीपर्यंत आणि मंडईपर्यंत तेच बूट वापरले की सोलचे आयुष्य रस्त्यावर संपते आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. खेळाचे बूट पिशवीत न्यावेत आणि कोर्टच्या बाकावर बसून घालावेत, ही जुन्या क्लबांची शिस्त केवळ कोर्ट स्वच्छ राहावे यासाठी नाही.

हार्ड कोर्टवर बूट इतके लवकर का झिजतात, याचे उत्तर कोर्टच्या रंगातच आहे. डांबर किंवा काँक्रीटच्या पायावर अॅक्रिलिक रंगाचे थर देताना त्यात बारीक सिलिका वाळू मिसळलेली असते. वाळू किती आणि किती जाड, यावर चेंडू किती मंदावतो हे बरेचसे अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टच्या वेगाची मंद ते जलद अशी पाच गटांत जी विभागणी करतो, तिच्यात याच खरखरीतपणाचा मोठा वाटा आहे. नव्याने रंगवलेले कोर्ट म्हणूनच मंद खेळते आणि बूटही भराभर खाते. दोन-तीन वर्षांनी वाळू घासली गेली की तेच कोर्ट वेगवान होते आणि बूट जास्त टिकू लागतात. आपल्या क्लबमधले कोर्ट नुकतेच रंगवले असेल तर त्या हंगामात नवा महागडा जोड काढण्याऐवजी असलेला जोड झिजवून घेणे शहाणपणाचे ठरते.

मातीच्या कोर्टचा हिशेब वेगळा आहे. तिथे सोल फारसा झिजत नाही, पण लाल धूळ जाळीतून आत शिरते आणि इनसोल व मोजा यांच्यामध्ये काचकागदासारखे काम करते, त्यामुळे बूट आतून फाटतो. मातीसाठीच्या बुटाची वरची वीण म्हणून घट्ट असते आणि खाली हेरिंगबोन नावाने ओळखली जाणारी नागमोडी नक्षी पूर्ण तळभर असते. या नक्षीमुळे पाय घसरवत नेता येतो आणि खाचांत माती अडकून राहत नाही. हीच नक्षी पातळ आणि खोल असली तर हार्ड कोर्टवर लवकर सपाट होते. दोन्हीकडे खेळणाऱ्याने हार्ड कोर्टचा बूट घ्यावा आणि मातीवर तोच चालवावा; उलट करू नये. गवताच्या कोर्टसाठी छोट्या रबरी गाठींचे सोल येतात, पण आपल्याकडे गवतावर नियमाने खेळायला मिळणारे इतके थोडे आहेत की त्यांना हा लेख वाचण्याची गरज पडणार नाही.

टेनिस खेळायला धावण्याचे बूट का चालत नाहीत, असे मला वारंवार विचारले जाते. धावताना पाय सरळ रेषेत पुढे जातो, म्हणून त्या बुटाची टाच उंच, फोम जाड आणि मऊ, आणि बाजू जवळजवळ उघड्या असतात. टेनिसमध्ये निम्म्याहून अधिक हालचाल आडवी आणि तिरकी होते. उंच, मऊ टाचेवरून बाजूला थांबताना घोटा बाहेर वळायला वेळ लागत नाही. बॅडमिंटनच्या बुटांचे दुखणे निराळे आहे. ते आडव्या हालचालीसाठीच केलेले असतात, पण त्यांचे रबर लाकडी किंवा मॅटच्या कोर्टसाठी मऊ ठेवलेले असते आणि वाळूमिश्रित अॅक्रिलिकवर ते खोडरबराच्या वेगाने उडते. बूट टेनिसचा आहे की नाही हे पेटीवरच्या छापील शब्दांपेक्षा हातात घेऊन कळते. एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने नाक धरून बूट पिळून पाहावा. तो सहज पिळला जाता कामा नये, कारण कमानीखाली कडक प्लास्टिकची पट्टी असायला हवी. नाक वर दाबले की तो चवड्यापाशी वाकावा, मध्यावर नाही. टाचेचा मागचा साचा अंगठा व बोटाने दाबल्यावर आत गेला नाही म्हणजे तो पाय धरून ठेवील. या तपासणीला मिनिटभरही लागत नाही, तरीही दुकानात मला हे करताना पाहून विक्रेते चिंतेत पडतात.

आता मापाविषयी, कारण बहुतेक भारतीय खेळाडूंची खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे बुटांची मापे अजूनही मुख्यतः ब्रिटिश पद्धतीने चालतात. तिच्यात एका मापातून पुढच्या मापात लांबी एक तृतीयांश इंचाने, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते. युरोपीय पद्धतीत हे अंतर पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असते. ही मापे प्रामुख्याने लांबीची आहेत. रुंदीचा विचार त्यांत जवळजवळ नाही, आणि आपले पाय रुंद आहेत. हे आता केवळ ऐकीव राहिलेले नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातील 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांचे त्रिमितीय मोजमाप केले, तेव्हा भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे दिसून आले आणि त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापनपद्धती प्रस्तावित झाली. टेनिसच्या बुटांच्या बाबतीत मात्र दुकानात गेल्यावर आपल्याला अजून परदेशी साच्यावर बेतलेल्या जोडाशीच जुळवून घ्यावे लागते.

हे जुळवून घेणे बहुतेकजण एकाच प्रकारे करतात: चवडा आवळतो म्हणून एक माप मोठे घेतात. रुंदी मिळवण्यासाठी लांबी वाढवण्याचा हा उपाय चालण्याच्या बुटात खपून जातो. टेनिसमध्ये तो महागात पडतो. जाळीपाशी पडलेल्या चेंडूकडे धावून एकदम थांबताना पाय आत पुढे सरकतो, अंगठा नाकावर आदळतो आणि नख काळे पडते. शिवाय बूट जिथे वाकायला हवा ती जागा चवड्याच्या पुढे जाते, आणि टाच मागे सुटत राहून फोड येतात. त्याऐवजी रुंद साच्याचे मॉडेल शोधण्यात आठवडा गेला तरी हरकत नाही. परदेशी कंपन्या रुंद मापासाठी 2E किंवा त्याहून रुंद 4E असे लिहितात. न्यू बॅलन्ससारखी कंपनी टेनिसच्या काही मॉडेलांत 2E काढते आणि एसिक्सच्याही काही मॉडेलांना रुंद पर्याय आहे. दुकानात ते समोर मांडलेले नसतात, मागून मागवून घ्यावे लागतात.

पाय मोजण्याची घरगुती रीत सोपी आहे. संध्याकाळी, पाय दिवसभरात थोडे सुजलेले असताना, खेळताना घालतो तेच जाड मोजे घालावेत, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी. दोन्ही पायांची लांबी व चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्यावी आणि मोठा पाय प्रमाण मानावा. बुटाच्या जिभेवरच्या चिठ्ठीवर ब्रिटिश, अमेरिकी, युरोपीय मापांसोबत सेंटिमीटरचा आकडा बहुधा असतो, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या मापांची तुलना करताना मला तोच सर्वांत उपयोगी वाटतो. उभे राहिल्यावर बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहावी. टाच तरीही किंचित उचलत असेल तर नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या भोकांतून फास करून आवळावी. या एका युक्तीने मी नाकारायला निघालेला एक जोड पायात बसला आणि पुढे उत्तम चालला.

फोमविषयी कंपन्यांच्या जाहिराती सर्वांत जास्त बोलतात आणि खेळाडू सर्वांत कमी पाहतात, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. मिडसोल बहुधा ईव्हीए या फोमचे असते. ते हलके असते आणि धक्का चांगला शोषते, पण रोजच्या दाबाने त्यातल्या हवेच्या पेशी चेपत जातात आणि काही काळाने ते पूर्ववत फुगत नाही. सोल शाबूत असूनही खेळ झाल्यावर टाचा दुखू लागल्या, किंवा मिडसोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या दिसू लागल्या, तर बुटाचे दुसरे आयुष्य संपले असे समजावे. टेबलावर जोड ठेवून मागून पाहिले असता एखादा बूट आत किंवा बाहेर झुकलेला दिसला तरी निष्कर्ष तोच. सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल तर मात्र बूट बदलून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. वजनदार आणि हलक्या खेळाडूला एकच फोम सारखा टिकत नाही, हे उघड असले तरी ऑनलाइन अभिप्राय वाचताना विसरले जाते. साठ किलोच्या मुलाने ‘वर्षभर चालला’ असे लिहिलेला बूट नव्वद किलोच्या माणसाला वर्षभर चालेल असे गृहीत धरता येत नाही.

टिकाऊपणाची खात्री करून घेण्यासाठी दोन खुणा मला सर्वांत विश्वसनीय वाटतात. पहिली म्हणजे परदेशातली हमी. अमेरिकेत काही कंपन्या आपल्या निवडक टेनिस मॉडेलांच्या सोलवर सहा महिन्यांची हमी देतात, म्हणजे तेवढ्या काळात रबर आरपार झिजले तर जोड बदलून मिळतो. आपल्याकडे दुकानात मिळणारी हमी बहुधा शिलाई किंवा चिकटाई सुटण्यापुरतीच असते आणि झीज तिच्यात धरली जात नाही. तरीही ज्या मॉडेलवर कंपनी तिकडे अशी जोखीम घेते, त्याच्या सोलवर तिचा स्वतःचा भरवसा आहे एवढे त्यातून कळते. 2000 साली बाजारात आलेली आदिदासची बॅरिकेड मालिका किंवा एसिक्सची जेल-रिझोल्यूशन यांसारखे बूट वजनाने जड असूनही नियमित खेळणाऱ्यांत टिकून राहिले, ते याच गुणामुळे. रबराची झीज मोजण्याची प्रमाणित चाचणी आहे, तिच्यात ठरावीक घर्षणानंतर किती घनमिलिमीटर रबर गेले हे मोजतात. तो आकडा पेटीवर छापला असता तर आपले निम्मे काम झाले असते, पण पेटीवर रबराचे दिमाखदार नाव तेवढे असते.

दुसरी खूण म्हणजे क्लबचा मार्कर. सभासदांना सराव देणारा हा माणूस दिवसाचे पाच-सहा तास कोर्टवर असतो आणि बूट स्वतःच्या कमाईतून घेतो, म्हणून त्याचे मत मी कोणत्याही चित्रफितीपेक्षा वरचे मानतो. आमच्याकडच्या मार्करला मी एकदा कोणता बूट घेऊ असे विचारले, तर त्याने मॉडेलचे नावच सांगितले नाही. “सर, रंग बघू नका, वजनही बघू नका. अंगठ्यापाशी रबर किती वर चढवलंय आणि चवड्याखाली किती जाड आहे, एवढंच बघा. बाकी सगळं पाय सांभाळून घेतो,” असे तो म्हणाला. शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, कारण त्याचा पाय पंचविशीचा आहे.

किमतीचा विचार मी सर्वांत शेवटी करतो, पण करतो. समजा, चार हजारांचा जोड ऐंशी तास टिकला तर तासाला पन्नास रुपये पडतात. नऊ हजारांचा जोड दोनशे तास टिकला तर पंचेचाळीस. त्यामुळे महाग जोड नेहमीच महाग पडतो असे नाही, आणि स्वस्त जोड स्वस्तच पडतो असेही नाही. आपले तास मोजल्याशिवाय हे कळत नाही. पेटीच्या आतल्या बाजूला पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवली तरी पुरते. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर वस्तू व सेवा कर 5 टक्के आणि त्यावरील जोडांवर 18 टक्के आहे, त्यामुळे या रेषेच्या जरा खालच्या किमतीचे ‘टेनिस शूज’ मोहात पाडतात. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने ते जरूर घ्यावेत. रोज खेळणाऱ्याने त्यांचा सोल अंगठ्याने दाबून पाहावा. किंमत खाली आणताना रबराची जाडी सर्वांत आधी कापली जाते, असा माझा अनुभव आहे.

झिजलेला सोल मोच्याकडून बदलून घेता येतो का, याचे उत्तर होकारार्थी असले तरी उत्साहवर्धक नाही. रबराची सपाट पट्टी सोल्युशनने चिकटवून आणि कडेने शिवून मिळते, पण मूळ नक्षी जाते, बूट जड होतो आणि चवड्यापाशी पूर्वीसारखा वाकत नाही. असा जोड भिंतीवर सराव करायला ठीक आहे. अंगठ्यापाशी झीज दिसू लागताच, भोक पडण्याच्या आधीच, त्या जागी रबरी चिकटद्रव्याचा थर देऊन रात्रभर वाळू देणे हा त्यापेक्षा चांगला उपाय आहे. काही दिवसांनी तो थर निघतो, मग पुन्हा द्यावा.

राहता राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळात खेळ कमी होतो, बूट ओले होतात आणि कपाटात बुरशी येते. ओले बूट उन्हात किंवा हीटरपुढे वाळवले तर चिकटाई सुटते. इनसोल काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, पंख्याखाली ठेवावेत आणि बोळे दोनदा बदलावेत. आवडते मॉडेल बंद होणार म्हणून तीन-चार जोड एकदम घेऊन ठेवणाऱ्यांनी मिडसोल कशाचे आहे हे आधी पाहावे. ईव्हीए बरेच वर्षे ठीक राहते, पण पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून विघटित होत जाते आणि पायात एकदाही न घातलेला जोड काही वर्षांनी पहिल्याच खेळात भुगा होऊन गळू शकतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर असा साठा करूच नये. दोन जोड घेतले असतील तर दोन्ही पहिल्या दिवसापासून आळीपाळीने वापरावेत, म्हणजे घाम वाळायला एक पूर्ण दिवस मिळतो आणि चेपलेला फोमही थोडा सावरतो.